चपटं नाक आणि घट्ट क्रिंप
एकाने विचारलंय, .३५७ मॅग्नमची काडतुसं लिव्हर-ॲक्शनसाठी (खालचा दांडा ओढून पुढचं काडतूस चढवायच्या रायफलसाठी) घरी भरताना टोकदार गोळी का नको. अहो, नळीच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर, टेकतं. धक्का बसला की तेच फायरिंग पिन (प्रायमरवर आपटून बार उडवणारी सुई) होऊ शकतं. चपटं नाकच हवं, विषय संपला.

खरी गंमत क्रिंपमध्ये, म्हणजे केसची (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याची) कड गोळीवर आवळण्यात आहे. रिव्हॉल्वरमध्ये धक्क्याने गोळी केसबाहेर सरकते आणि सिलिंडर अडतो. मॅगझिनच्या नळीत उलटं: स्प्रिंग तिला आत रेटते, दारूची जागा कमी होते, दाब वाढतो. गोळीच्या खाचेत केसची कड घट्ट वळवली की दोन्ही दुखणी आटोक्यात. काडतुसाची एकूण लांबी मात्र १.५९ इंचांच्या आत. जास्त झाली तर लिव्हर अर्ध्यात अडतो, मग बसा खटपट करत.

हे सगळं टेक्सासच्या भाच्यासाठी बरं का! घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये काडतुसं भरायचा प्रेस मांडायचा विचार असेल तर सोडा. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो, बंदुकीचा चालत नाही.

आणि हो, सावकाश जळणारी दारू रायफलच्या लांब बॅरलमध्ये जास्त फळते. चार इंची रिव्हॉल्वरात तिचा बराचसा जाळ तोंडाबाहेरच.