पाय तुटलेला मावळा

लहानपणी खेळलेल्या प्लास्टिकच्या हिरव्या सैनिकांच्या, कुणी लिहिलेल्या आठवणी वाचल्या. आमच्याकडे फौज म्हणजे दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे. पुण्यात कसब्यातल्या कुंभारवाड्यातून दरवर्षी चार-पाच नवे यायचे. बाकीचे जुनेच, आईच्या साडीच्या चिंध्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवलेले. खोकं उघडलं की आधी जखमी मोजायचे. भाला तर हमखास तुटलेला, मग खराट्याची काडी फेव्हिकॉलने चिकटवायची. एकाचे दोन्ही पाय गेले होते. त्याला टाकवेना, म्हणून अळिवाच्या शेतात कमरेपर्यंत पुरून उभा करायचो. तीन-चार दिवसांत अळीव दाट उगवला की कुणाला पत्ता लागायचा नाही.

प्रमाणाचं म्हणाल तर आनंदच! पहारेकरी दरवाजापेक्षा उंच, आणि महाराज सिंहासनासकट बालेकिल्ल्यावर मावायचे नाहीत.

प्रतापगड केला त्या वर्षी धाकट्याने पायथ्याशी प्लास्टिकचा रायफलवाला जवान नेऊन ठेवला. १६५९ साली रायफल कुठली, म्हणून मी कडाकडा भांडलो. शेवटी आजोबांनी निवाडा केला, "असू दे रे, दिवाळीच्या सुट्टीवर आलाय तो."