हलकं, पण चवीचं : घरच्या स्वयंपाकातले तुमचे अनुभव सांगा

आभा :
कपाट आवरताना बाबांची जुनी फाईल हाती लागली. आत आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेला कागद. तळण बंद, लोणी बंद, मीठ कमी, साखर कमी. खाली आईच्या अक्षरात ठळक "उकडलेले". बाबांना हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर आमच्याकडे बराच काळ सगळं उकडूनच होत असे. बाबांनी कधी तक्रार केली नाही, पण जेवताना तासभर गप्पा मारणारा माणूस चार घास खाऊन उठायला लागला. ते आठवून आज पुन्हा वाईट वाटलं.

आईची काहीच चूक नव्हती. कागदावर काय काढायचं ते होतं, त्याच्या जागी काय आणायचं ते कुणी सांगितलंच नाही. आता नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणून तोच प्रश्न माझ्यासमोर आहे आणि मी जरा खोलात शिरलेय. तेल, मीठ, साखर ही नुसती चवीला नसतात, प्रत्येकाला नेमून दिलेलं काम असतं. तेल उष्णता पोचवतं आणि मसाल्यांचा वास धरून ठेवतं. साखर केकमध्ये ओलावा टिकवते. मीठ कडवटपणा दाबतं. ते काम दुसऱ्या कुणाकडून करून घेता आलं की पदार्थ हलका होतो आणि खाणाऱ्याला शिक्षा झाल्यासारखं वाटत नाही.

सध्या आमच्याकडे भाज्या उकडत नाही, ओव्हनमध्ये भाजते. गाजर, फ्लॉवर, भोपळी मिरची, कांदा. एका ट्रेला एक टेबलस्पून तेल पुरतं, हाताने चोळून लावायचं. नवरा ट्रेमधूनच खातो.

तुम्ही घरी काय बदललंत? काय जमलं, घरच्यांनी काय स्वीकारलं? भाजणं, बेकिंग, सूप, काहीही चालेल.

रानवारा :
भाज्या आधी कोरड्या पुसून घे. आणि ट्रेमध्ये गर्दी नको, एकच थर. ओल्या भाज्या एकमेकींना चिकटून बसल्या की वाफेवर शिजतात, भाजल्या जात नाहीत. पाणी आहे तोवर भाजीचा पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जातच नाही आणि तो खरपूस रंग-वास यायला साधारण १४० च्या पुढे जावं लागतं. मी २०० ते २२० वर ठेवते. मीठ शेवटी वरून भुरभुरवते, जिभेला तेच आधी लागतं म्हणून कमी पुरतं.

झुळूक :
+१ गर्दी नको

नंदू :
मी एकटा राहतो, ओव्हन नाही. जाड बुडाचं भांडं, घट्ट झाकण, मंद आच. कांदा परतताना तेल सुटेपर्यंत ओतत राहायची सवय होती ती गेली. कांदा तळाला धरायला लागला की चमचाभर पाणी, परत धरला की परत चमचाभर. रंग छान येतो आणि तळाला चिकटलेलं सगळं रसात उतरतं. तेल मात्र चमच्याने मोजतो, बाटलीतून थेट नाही. टेबलस्पूनभर तेलात १२० च्या आसपास कॅलरी असतात. कुठलंही तेल घ्या, ग्रॅमला ९ कॅलरीच. "हे तेल चांगलं आहे" म्हणून सढळ हाताने ओतणाऱ्या मित्रांना हे सांगून सांगून थकलो.

तनुजा :
@नंदू हेच मी सासऱ्यांना सांगते, त्यांना ऑलिव्ह ऑइल म्हणजे औषध वाटतं

किमया :
अगं आभा!! कुठे होतीस इतके दिवस? बाबा कसे आहेत आता?

आभा :
किमया, बाबा जाऊन बरीच वर्षं झाली गं. आई ठीक आहे, माझ्याकडेच असते.

किमया :
अरेरे, मला माहीत नव्हतं. आईला नमस्कार सांग. निवांत बोलू, तुझ्या विचारपुशीच्या पानावर लिहिते.

शुभ्रा :
माझा प्रांत बेकिंग, त्यामुळे लांबलचक लिहितेय.

केकमधलं लोणी किंवा तेल अर्धं काढून तिथे सफरचंदाचा गर, कुस्करलेलं पिकलं केळं किंवा दही घालता येतं. अर्धंच हं. सगळं काढलं तर केक चिवट होतो, कारण चरबी पिठाच्या कणांवर लेप देते आणि ग्लुटेनच्या, म्हणजे पिठातल्या चिवट प्रथिनाच्या, लांब तारा तयार होऊ देत नाही. ती कमी केली की आपल्याला हात आवरावा लागतो. कोरडं आणि ओलं एकत्र केल्यावर पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळायचं, गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या.

दही घातलं तर थोडा बेकिंग सोडा हवा. दह्याचा आंबटपणा आणि सोडा मिळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो, केक त्यावरच फुगतो. पीठ कालवलं की लगेच ओव्हनमध्ये, फोनवर बोलत बसायचं नाही.

साखर चौथा हिस्सा कमी केली तर बहुतेक केकना कळतही नाही. त्याहून जास्त कमी केली की रंग फिका येतो आणि दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो. व्हॅनिला, दालचिनी, किसलेली संत्र्याची साल यांनी जिभेला गोड जास्त असल्याचा भास होतो. आणि एक कळकळीची विनंती, साखरेऐवजी मध घालून "शुगर फ्री" म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेत मध, सिरप, फळांचा रस हे सगळं साखरेतच धरलंय. एका वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध अजिबात देऊ नये. मधात बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जीवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि केकच्या उष्णतेनेही ते मरतील याची खात्री नसते.

आजी_ऑनलाइन :
शुभ्रा बाळा किती छान समजावतेस. मला कोणी असं सांगितलं असतं तर सुनेची आणि माझी कितीतरी भांडणं टळली असती.

शुभ्रा :
आजी 😄 सूनबाईंना धागा वाचायला द्या

दिगंत :
घरी कणकेचा ब्रेड करणारं कुणी आहे का इथे? माझा दगड होतो.

रानवारा :
मी करते. पाणी वाढव. कोंडा पाणी पितो आणि सावकाश पितो, म्हणून मैद्याच्या मापाने पाणी घातलं की पीठ घट्टच राहतं. नुसतं पीठ-पाणी कालवून अर्धा तास झाकून ठेव, यीस्ट-मीठ त्यानंतर. कोंड्याचे कण टोकदार असतात, ग्लुटेनच्या तारा कापतात. भिजून मऊ झाले की कमी कापतात. सुरुवात अर्धा मैदा अर्धी कणीक अशी कर, मग हळूहळू कणीक वाढव. मैद्याच्या ब्रेडइतका उंच तो होणार नाही, ती अपेक्षा सोड. चवीला मात्र कितीतरी भरीव.

आजी_ऑनलाइन :
कणीक ताजी घ्यावी किंवा फ्रिजमध्ये ठेवावी. अंकुराचा भाग असतो ना त्यात, त्यातलं तेल खवट होतं. मैद्याचं तसं होत नाही. कडवट ब्रेडचं कारण पुष्कळदा हेच.

दिगंत :
धन्यवाद दोघींना. आणि मीठ? बायकोचा रक्तदाब आहे.

रानवारा :
नेहमीच्या ब्रेडमध्ये पिठाच्या २ टक्के असतं, म्हणजे ५०० ग्रॅमला १० ग्रॅम. मी दीड टक्का घालते. मीठ यीस्टला आवर घालतं, त्यामुळे ते कमी झालं की पीठ लवकर फुगतं. घड्याळ नको, पिठाकडे बघ.

सावली :
मी डॉक्टर नाही, पण माझ्या आईची मूत्रपिंडं अधू आहेत म्हणून हे अगदी जीव तोडून सांगते. बाजारात "कमी सोडियमचं मीठ" म्हणून मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाची काही ठराविक औषधं चालू असतील तर शरीरात पोटॅशियम साठतं आणि त्याचा त्रास थेट हृदयाला होतो. दिगंत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नकोस. साधं मीठच कमी कर. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमच्याएवढं, आणि त्यात ब्रेड, चीज, सॉस, पाकिटातलं सगळं धरून.

पहिले काही आठवडे अळणी लागतं. मग जीभ सरावते. आईला आता बाहेरचं सूप खारट लागतं. लिंबू, व्हिनेगर, मिरी, लसूण, मुठीने ताज्या पाला-भाज्या. आंबट थोडं वाढवलं की मिठाची आठवण कमी येते. डब्यातल्या शेंगा-कडधान्यं वापरत असाल तर चाळणीत घेऊन पाण्याखाली धुवा, बरंचसं मीठ निघून जातं.

दिगंत :
हे माहीतच नव्हतं. तिची गोळी कुठली ते आजच बघतो. खूप आभार.

तनुजा :
सावली 🙏 काकूंना बरं वाटो

निवांत :
एअर फ्रायर घ्यावा का?

नंदू :
धाग्याचं एअर फ्रायर पुराण झालंच सुरू

रानवारा :
तो म्हणजे पंखा असलेला छोटा ओव्हनच. दोघांचं जेवण असेल तर झटपट होतं, मोठा ओव्हन तापवावा लागत नाही. घरात सहा माणसं असतील तर ट्रेच बरा. त्यातही गर्दी नको, तोच नियम.

निवांत :
आणि बटाट्याच्या काचऱ्या? मुलांना हव्याच असतात

शुभ्रा :
कापून अर्धा तास पाण्यात ठेव, मग कोरड्या पूस. वरची पिष्टं निघून जातात, कुरकुरीत होतात. सोनेरी झाल्या की काढ, तपकिरी करू नकोस. बटाटा-ब्रेडसारखे पदार्थ जास्त भाजले-तळले की ॲक्रिलामाइड नावाचं, अपायकारक ठरू शकणारं रसायन तयार होतं, २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी ते दाखवून दिलं. भिजवल्यानेही ते कमी होतं. घाबरायचं नाही, फक्त करपवायचं नाही.

झुळूक :
कालच्या काचऱ्या आठवून गप्प बसलेय 🙈

पाऊलवाट :
सगळ्यांचं वाचलं, छान लिहिताय. एक वेगळी बाजू मांडते. माझ्या वडिलांचं वय ८० च्या पुढे, भूक मेलेली, वजन उतरत चाललेलं. आम्ही मुली उत्साहाने त्यांना पातळ सूप, सॅलड, बिनतेलाचं देत होतो. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, यांना हलकं नको, थोडक्यात जास्त ताकद देणारं द्या. आता त्यांच्या सूपमध्ये अंडं फेटून घालतो, वर चमचाभर तेल, सोबत चीज. वाटी तेवढीच, पण पोटात बरंच जातं. चेहऱ्यावर तरतरी आलीये. तेव्हा घरात एकच नियम सगळ्यांना लावू नका, एवढं म्हणायचंय.

आभा :
पाऊलवाट, हे फार महत्त्वाचं लिहिलंस. आईही हल्ली कमी जेवते. तिचं ताट वेगळं करायला हवं असं मनात येतच होतं.

सावली :
आणि तरुणांनाही शून्य तेल नकोच गं. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शोषली जायला चरबी लागते. गाजर-पालकाच्या सॅलडवर थोडं तेल किंवा चार अक्रोड हवेतच.

निवांत :
क्रीमशिवाय दाट सूप कसं करता?

नंदू :
शिजलेल्या सूपमधलं तिसरा हिस्सा काढून मिक्सरमधून फिरव आणि परत ओत. त्यात एखादा बटाटा, फ्लॉवर किंवा शिजलेली कडधान्यं असली की क्रीमसारखं होतं. टोमॅटोची पेस्ट आधी कोरडी परतून गडद केलीस तर अजून भारी. मश्रूमही. त्यात ग्लुटामेट असतं, जपानच्या किकुनाए इकेदांनी १९०८ मध्ये ज्या भरीव, मांसाच्या रश्शासारख्या चवीला उमामी नाव दिलं ती त्याचीच. मांस-लोण्याशिवाय सूप भरलेलं लागतं ते त्याने. गरम सूप मिक्सरमध्ये अर्ध्याच्या वर भरू नकोस, झाकण उडतं.

तनुजा :
माझा मिक्सर परवाच बंद पडला 😭 कुणाला हँड ब्लेंडरचा अनुभव?

झुळूक :
घे घे, भांड्यातच फिरवता येतो, धुवायला सोपा. फक्त खोल भांडं घे

तनुजा :
ओके. मुलाची परीक्षा संपली की घेते, सध्या घरात आवाज करायला बंदी आहे

आजी_ऑनलाइन :
कितवीला आहे गं?

तनुजा :
दहावीला आजी

आजी_ऑनलाइन :
यशस्वी होईल. रात्री जागत असेल तर शुभ्राचे केळ्याचे मफिन करून ठेव.

तनुजा :
मफिन ठेवायचे कुठे? त्याचा बाबा रात्रीत सगळे संपवतो 😄 शुभ्रा, प्रमाण दे ना

शुभ्रा :
२०० ग्रॅम कणीक, ३ खूप पिकलेली केळी, २ अंडी, ८० ग्रॅम साखर, ६० मिली तेल, १०० ग्रॅम दही, १ छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा सोडा, दालचिनी, चिमूटभर मीठ. १८० अंश, २० मिनिटांच्या आसपास. काडी घालून बघ.

दिगंत :
मफिनचा ट्रे नाही, गोल टिनमध्ये होईल?

शुभ्रा :
होईल. ८ इंची घे, वेळ ३५ मिनिटांपर्यंत जाईल. वरून लवकर रंग आला तर फॉइल झाक.