"हिस्सा विकून मोकळे व्हा" म्हणे!

खळ्यातला: परवा इथेच एका महाशयांनी सल्ला दिला: "सातबाऱ्यावर वीस नावं असतील तर डोकं लावत बसू नका. आपला अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विका आणि मोकळे व्हा. कायद्याची आडकाठी नाही." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

आडकाठी नाही हे खरं. पण घेणाऱ्याच्या हाती काय पडतं? राहत्या घरातला हिस्सा असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 सांगतं, परक्याला आत येऊन राहण्याचा हक्क नाही. त्याने वाटपाचा दावा लावायचा. तो लावला की 1893 च्या विभाजन कायद्याचं कलम 4 आहेच. घरातला कुणीही हिस्सेदार उठून म्हणू शकतो की कोर्ट ठरवेल त्या किमतीला याचा हिस्सा मीच घेतो. मग असला माल घेणार कोण? ज्याला कोर्टाच्या पायऱ्यांची सवय आहे तोच, आणि तोही निम्म्या भावात.

आमच्याकडे हेच झालं. चुलतभावाने घरातला सहावा हिस्सा एका जमीन दलालाला दिला, आम्हाला पत्ताच नाही. काकी माजघरात हाताला तेल लावून फणस फोडत बसली होती आणि बाहेर कुणी अनोळखी माणूस टेप लावून पडवी मोजत होता. "तुम्ही कोण?" विचारलं तर म्हणाला, "मालक." नववं वर्ष चालू आहे दाव्याचं.

दिवा_पनवेल: मीच तो महाशय. तुमच्या काकींचं वाईट वाटलं. आता माझं ऐका. आमच्या सातबाऱ्यावर 22 नावं. सात जण वारलेले, त्यांच्या वारसनोंदी नाहीत, एकजण ऑस्ट्रेलियात. अकरा वर्षं सह्या गोळा करतोय. तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटपाचा अर्ज टाकला. आत्तेभावाने मालकीचाच वाद असल्याची एका ओळीची हरकत दिली. झालं, दिवाणी कोर्टातून निकाल आणा म्हणाले. मुलीची फी भरायची होती, म्हणून हिस्सा विकला. सामोपचाराच्या गप्पा फी भरत नाहीत.

माहेरवाशीण: त्या आत्तेभावाच्या आईची नोंद होती का सातबाऱ्यावर?

दिवा_पनवेल: आत्याने हक्कसोड दिलं होतं. तोंडी.

माहेरवाशीण: तोंडी! दस्त नोंदवल्याशिवाय हक्कसोड कसलं? आत्तेभावाचं काय चुकलं मग? अर्धे वाद असेच, बहिणीला साडी-चोळी दिली की हिस्सा मिटला असं धरून चालतात.

काळा_कोट: वकील आहे, पण फुकट बोलतोय, त्यामुळे भांडू नका. दोघांचंही अर्धं बरोबर. हिस्सा वडिलांच्या पश्चात वारसाने आला असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 22 प्रमाणे बाकीच्या वर्ग एकच्या (मुलं, विधवा, आई अशा जवळच्या) वारसांना आधी विकत घेण्याचा हक्क आहे. शेतजमिनीलाही तो लागू होतो, सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये बाबूराम विरुद्ध संतोख सिंग मध्ये सांगितलंय. खळ्यातले साहेब, हे तपासलं होतं का?

दावा लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. महाराष्ट्रात नुसता दावा दाखल करून भागत नाही, त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. नाहीतर दावा चालू असताना मिळकत तिसऱ्याच्या घशात जाते आणि तुम्ही तारखा घेत बसता. बाकी क्रम ठरलेला. प्राथमिक हुकूमनाम्यात (डिक्रीत) कुणाचा किती हिस्सा ते ठरतं, मग प्रत्यक्ष वाटणीचा अंतिम हुकूमनामा. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप कलेक्टरकडे जातं, म्हणजे पुन्हा मोजणी आलीच. प्राथमिक हुकूमनामा फ्रेम करून भिंतीवर लावलेले अशील मी पाहिलेत. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने खालच्या कोर्टांना सांगितलं की वेगळ्या अर्जाची वाट न बघता अंतिमकडे जा. बघू.

घरराखण: एवढी कलमं झाली, पण कौलं कोण बदलतं ते कुणी विचारलं नाही. मी गावातली. 2021 च्या तौक्ते वादळात आमच्या घराचं अर्धं छप्पर उडालं. वासे, रिपा, कौलं, सुतार, सगळं मिळून लाखावर गेलं. मुंबईच्या दिरांनी काय पाठवलं? हात जोडलेल्या बाहुल्या, व्हॉट्सअॅपवर. आणि वाटपात समान हिस्सा! गणपतीला चार दिवस यायचं, पंख्याखाली झोपायचं, जाताना नारळ न्यायचे.

लोअर_परळ: ताई, नारळाचं सोडा, आंब्याचं बोला. आमच्याकडे तीस कलमं. वहिनी दरवर्षी म्हणतात, यंदा मोहोर जळला. दरवर्षी! मग दारात ती स्कूटी मोहोरावर आली का? पंधरा वर्षं एकट्याने उत्पन्न खायचं आणि वर "आम्ही सांभाळलं" म्हणायचं.

घरराखण: तुम्ही माझे दीर नाही, पण भाषा तीच. फवारणीचा पंप कधी पाठीवर घेतलाय? माकडं हाकलली आहेत?

लोअर_परळ: मी चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतून वडिलांचं आजारपण काढलं. त्याचा हिशोब धरायचा का?

काळा_कोट: दोन्ही हिशोब दाव्यात मागता येतात. एकाने एकट्याने घेतलेलं उत्पन्न आणि दुसऱ्याने घरावर केलेला जरुरीचा खर्च. फक्त पुरावा लागतो. पावत्या आहेत?

घरराखण: वाडीतल्या सुताराकडे कोण पावती मागतं?

मडगांवकार: आमच्या गोव्यात इन्व्हेंटरी असते. सगळी मिळकत कोर्टापुढे मांडायची, एकमत झालं नाही तर वारसांमध्येच बोली लागते. जास्त बोलणारा घर घेतो, बाकीच्यांना पैसे.

लोअर_परळ: म्हणजे गोव्यात भावंडं गळ्यात गळे घालून फिरतात?

मडगांवकार: नाही हो. सुनांच्या, जावयांच्याही सह्या लागतात. आमची सहा वर्षं चालली. पण घर धाकट्या मावशीकडे गेलं, परक्याकडे नाही.

काळा_कोट: आपल्याकडेही थोडंफार आहे. घराचे तुकडे पडत नसतील तर निम्म्या किंवा जास्त हिस्स्याचे मालक विक्री मागू शकतात आणि बाकीचे कोर्टाच्या किमतीला ते हिस्से घेऊ शकतात. माझ्याकडे आजवर दोनच अशील हे मागायला तयार झाले. बाकीच्यांना घर नको असतं, भावाचा पराभव हवा असतो. चालू दाव्यातसुद्धा लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नाही.

खळ्यातला: कलम 22 चं मला आमच्या वकिलांनी कधीच सांगितलं नाही. नऊ वर्षांत.

दिवा_पनवेल: आणि मला कलम 4 चं कुणी सांगितलं नाही. माझ्याकडून घेणाऱ्यालाही ते माहीत नव्हतं असं दिसतंय. बरं झालं. पण तुमचा मुद्दा मान्य, भाव निम्माच मिळाला.

लोअर_परळ: आज वहिनीला फोन केला. वही आहे म्हणाली, 2016 पासूनची. कौलांचा, सुताराचा खर्च पै न् पै लिहिलाय. आंब्याचं पान कोरं.

घरराखण: माझ्याही वहीत ते पान कोरंच आहे.