चिकट साचा: प्रमाण नव्हे, प्रिंट तपासा

थ्रीडी प्रिंट केलेल्या छोट्या शिपायाचा साचा काढताना सिलिकॉन बाकी नीट घट्ट झालं, फक्त आकृतीलगत चिकट राहिलं, असं का, असा एकाचा प्रश्न आहे. सिलिकॉनचे दोन भाग मिसळण्याचं प्रमाण चुकलं असतं तर सगळाच गोळा कच्चा राहिला असता. हे प्लॅटिनम-क्युअर (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणाऱ्या) सिलिकॉनचं लक्षण. यूव्ही रेझिनच्या (अतिनील प्रकाशात कडक होणाऱ्या द्रवाच्या) प्रिंटमधले अर्धेकच्चे अंश त्यातला उत्प्रेरक निकामी करतात. गंधकवाल्या मॉडेलिंग क्लेनेही हेच होतं.

प्रिंट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा, मगच यूव्हीखाली ठेवा. वर अ‍ॅक्रिलिक लॅकरचे दोन पातळ हात. जाड हात दिलात तर २८ मिमी उंच शिपायाच्या चेहऱ्यावरचे डोळे बुजलेच म्हणून समजा. तरीही आधी सपोर्टच्या (प्रिंट होताना आकृतीला आधार देणाऱ्या काड्यांच्या) तुकड्यावर चमचाभर सिलिकॉन ओतून पाहा. टिन-क्युअर (कथिलाच्या उत्प्रेरकाने घट्ट होणाऱ्या) सिलिकॉनला ही कटकट फारशी नाही, पण तो साचा जास्त आकसतो आणि लवकर ठिसूळ होतो.

साच्यात ओतलेल्या शिपायाच्या भाल्याची टोकं अर्धवट येतात ती अडकलेल्या हवेमुळे. साच्यात टोकापासून वरपर्यंत बारीक वाट कापा, ओतण्याआधी साच्यात टाल्कम पावडर भुरभुरून झटका. आणि भाला १ मिमीपेक्षा बारीक नको, साच्यातून सोडवतानाच मोडतो.