पागडीच्या जागेतली हॉटेलं पुनर्विकासानंतर परत का येत नाहीत? (चर्चेतली नावं सदस्यांची टोपणनावं)

तळमजला:
दक्षिण मुंबईतली एखादी सेस इमारत (दुरुस्तीसाठी म्हाडाला उपकर भरणारी, बहुधा पागडीवर, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम मोजून कमी भाड्याने राहणाऱ्या भाडेकरूंची जुनी इमारत) रिकामी व्हायला लागली, की खालच्या इराण्याकडे शेवटच्या आठवड्यात ब्रून-मस्क्यासाठी रांग लागते आणि लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, विकासाने शहर खाल्लं. दुसरा म्हणतो, पडायला आलेल्या इमारतीत माणसं किती दिवस ठेवणार? पुनर्विकास म्हणजे हॉटेल संपलं, हे मात्र दोघांनीही धरूनच चाललेलं असतं. कायदा तसं म्हणत नाही. विकास नियमावली २०३४ मधल्या नियम ३३(७) खाली (सेस इमारतींच्या पुनर्विकासाचा नियम) बिगरनिवासी भाडेकरूला जुन्या ताब्याइतकं क्षेत्र नव्या इमारतीत द्यावंच लागतं. मग चार-पाच वर्षांनी तिथे औषधांचं दुकान किंवा बँकेचं एटीएमच का दिसतं?

माझं उत्तर: गाळा परत मिळतो, स्वयंपाकघर मिळत नाही. हिशेब करून बघा. आठ फुटी शेगड्यांच्या रांगेवर साडेतीन फूट खोल हूड (धूर ओढणारं छत्र) म्हणजे २८ चौरस फूट. हूडच्या तोंडाशी हवेचा वेग मिनिटाला १०० फूट धरला, तर दर मिनिटाला २,८०० घनफूट हवा ओढावी लागते. डक्टमध्ये (धूर वर नेणाऱ्या नळीत) हाच वेग १,५०० फुटांच्या आसपास ठेवावा लागतो, कमी पडला की तेलकट वाफ वाटेतच थिजते आणि पुढेमागे तिथेच आग लागते. म्हणजे डक्ट झालं १६ बाय १६ इंचांचं. आगरोधक आवरण आणि सफाईची दारं धरून अडीच फूट चौकोनी शाफ्ट, तळमजल्यापासून थेट गच्चीपर्यंत. पंखा वर, गच्चीवर, म्हणजे डक्टला कुठे फट पडली तरी वास बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते.

हा शाफ्ट आराखडा मंजूर होण्याआधी काढलेला नसेल तर नंतर कुणीही काढून देत नाही. ग्रीस ट्रॅपचंही (सांडपाण्यातलं तेल अडवणाऱ्या टाकीचंही) तेच. जुनं हॉटेल जोत्यावर, जमिनीला टेकलेलं, फरशी उखडली की ट्रॅप बसतो. नव्या गाळ्याखाली पार्किंगचं तळघर असतं. तिथे किमान फूटभर सनकन (खाली बसवलेला) स्लॅब आधीच धरावा लागतो, नाहीतर सांडपाण्याला उतार मिळत नाही आणि तुंबलेली मोरी खालच्या गाड्यांवर गळते. विजेचा भार साध्या दुकानाच्या हिशेबाने धरलेला असतो, म्हणजे पाचेक किलोवॅट. एक बऱ्यापैकी इलेक्ट्रिक फ्रायरच सहा खातो.

बीमकॉलम:
मुद्देसूद आहे, पण सुरुवात सोयीच्या जागेवरून केलीत. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसं गेली. त्याच्या महिनाभर आधी घाटकोपरची साईसिद्धी पडली, १७ मृत्यू. तिथे तळमजल्याच्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप होता. डक्टचा हिशेब मांडण्याआधी हे मांडा.

सागवानी तुळया आणि विटांच्या भिंतींच्या इमारतीत तळमजल्यावरचं हॉटेल हा काही निरुपद्रवी भाडेकरू नसतो. चोवीस तास ओली मोरी, भिंतीला चिकटून भट्टी, वर साठणारी वाफ. तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक सगळ्यात आधी कुजतं आणि नेमकं तेच डोळ्यांना दिसत नाही. त्यात गिऱ्हाईक वाढलं की मधली भिंत काढून आय-सेक्शन (लोखंडी तुळई) टाकलेला असतो, तोही बहुतेक वेळा कुणाला न विचारता. मग पालिकेची कलम ३५४ ची, धोकादायक इमारतीची नोटीस आली, सी-१ (अतिधोकादायक, पाडायची) शेरा बसला, की 'आमचा वारसा' म्हणून फलक लागतात. वरच्या मजल्यावर दीडशे फुटांच्या खोलीत राहणाऱ्या आणि मजल्याचा संडास वापरणाऱ्या माणसाला त्या वारशाचं काय करायचंय?

हाउसगल्ली:
@बीमकॉलम, सी-१ शेरा आकाशातून पडत नाही, हेही सांगा. मालकाचा अभियंता सी-१ म्हणतो, भाडेकरूंचा सी-२ (दुरुस्तीने वाचणारी) म्हणतो, आणि दोन अहवाल भिडले की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. अल्ट्रासोनिक पल्स, रिबाउंड हॅमर, कार्बोनेशन या चाचण्या आरसीसीसाठी आहेत. लाकडी सांगाड्याच्या इमारतीचा अहवाल याच चाचण्यांवर बेतलेला दिसला, तर तो वाचायच्या आधीच बाजूला ठेवावा. काळा घोड्याच्या एस्प्लनेड मॅन्शनबाबत एका अहवालाचा कल पाडण्याकडे होता, तर दुसरा म्हणत होता वाचवता येते. इमारत मात्र २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने रिकामी झाली, आणि खालचे व्यवसायही गेले.

एक कामाची गोष्ट. सी-१ इमारत पाडली तरी भाडेहक्क संपत नाही. उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाडण्याआधी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातलं क्षेत्र मोजून नोंदवायचं असतं. ही मोजणी आपल्यासमोर झाली नाही आणि त्या कागदाची प्रत हातात नसली, तर पुढचं सगळं भांडण हवेत.

भाडेपावती:
मालकाची बाजू कुणी घेणार नाही, म्हणून मी घेतो. मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवून ठेवली होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ (लागू ३१ मार्च २०००) आला, त्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. म्हणजे २००० साली हजार रुपये भाडं असेल, तर चक्रवाढीने धरूनही २०२५ ला २,६६६ रुपये होतात. नाक्यावरच्या हजार फुटांच्या जागेला! यात मालकाने गच्चीचं डांबर घालायचं की जिन्याची पायरी बदलायची? खालच्या चहाची किंमत चाळीस-पन्नास वर्षं कमी राहिली म्हणून आपण सगळे खूश होतो. तो फरक मालकाच्या खिशातून आणि वरच्या गळक्या छतातून येत होता.

आणि हो, पागडी म्हणजे फुकट जागा नव्हती हे मला मान्य आहे. त्या काळात रोख मोजलेली असते, हस्तांतराला मालकाला साधारण तिसरा हिस्सा जातो. पण तो पैसा दुरुस्तीत गेला असं कुणीच छातीवर हात ठेवून सांगणार नाही, मालकसुद्धा.

पोटमाळा:
वर 'जुन्या ताब्याइतकं क्षेत्र' हे फार सहज लिहिलंय. तिथेच सगळ्यात जास्त हॉटेलं मरतात.

पहिलं, मोजलं काय जातं. समोरचा ओटा, हाउसगल्लीत (इमारतीमागच्या सफाईच्या अरुंद गल्लीत) पत्रा टाकून वाढवलेली भांडी घासायची जागा, फॅमिली रूमचा पोटमाळा. व्यापारी बांधकामासाठी पालिकेची तारीख १ एप्रिल १९६२ ची. त्याआधीचा पुरावा लागतो: जुना तपासणी उतारा, मालमत्ता कराची नोंद, परवान्याला जोडलेला नकाशा. पुरावा नसेल तर तेराशे फुटांत चालणारं हॉटेल कागदावर आठशेचं होतं, आणि आठशेच मिळतं. वर राहणाऱ्याला मात्र किमान ३०० चौरस फुटांची हमी आहे, दीडशेचे दुप्पट होतात. संमती ५१ टक्के डोक्यांची. वीस खोल्या आणि चार गाळे असतील तर हॉटेलवाल्याचं मत कुणाला लागतंय? मंजुरीनंतर अडून बसला तर म्हाडा कायद्याचं ९५-ए, सक्तीने जागा रिकामी करून घेण्याचं कलम, आहेच.

दुसरं, भाडेपावती कोणाच्या नावावर. मूळ भाडेकरू वारलेला, पावती त्याच्याच नावाने फाटतेय, वारस पाच, त्यातले दोन परदेशात. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ७(१५) प्रमाणे मृत्यूवेळी त्याच्यासोबत तो धंदा करत असलेल्या कुटुंबीयाचा हक्क आधी. ते सिद्ध करायला भागीदारीपत्र, परवाना, प्राप्तिकर विवरणं लागतात. बाहेरचा भागीदार घेतला किंवा हॉटेल 'कंडक्टिंग'वर चालवायला दिलं, तर मालक पोटभाडेकरू म्हणून दावा टाकतो. चांगलं चाललंय म्हणून प्रायव्हेट लिमिटेड केली आणि भरणा झालेलं भांडवल एक कोटीवर गेलं, तर कलम ३(१)(ब) खाली भाडे नियंत्रणाचं छत्रच उडतं. सल्लागार कर वाचवायला कंपनी काढून देतो, हे कुणी सांगत नाही.

तिसरं, करार व्हायच्या आधीच कंटाळून शटर ओढू नका. वाजवी कारणाशिवाय सहा महिने जागा वापरात नसणं हे मालकाला ताबा मागायचं कारण आहे, त्याच कायद्याचं कलम १६(१)(एन).

रोकडा:
हे सगळं खरं धरलं तरी प्रश्न उरतो: ही हॉटेलं पुनर्विकासाने मरतात, की आधीच मेलेली असतात आणि पुनर्विकास फक्त दाखला देतो? चारशे रुपयांच्या बिलामागे माणूस दोन तास बसणार, कारागिरांची पुढची पिढी यायला तयार नाही, हॉटेलमालकाच्या मुलांना गल्ल्यावर बसायचं नाही. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलायला सांगितल्या. ब्रून पुरवणाऱ्या बेकऱ्यांचं गणित तिथेच बिघडलं, त्यात बिल्डर कुठे आला?

शिवाय 'वाचवा' म्हणणाऱ्यांनी समोवार कॅफेचं काय झालं ते आठवावं. जहांगीर कलादालनात १९६४ पासून चालू होतं, मार्च २०१५ अखेर बंद झालं. कुणी काही पाडलं नाही. इमारत तिथेच आहे.

हाउसगल्ली:
@रोकडा, समोवारचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. आपली वारसा नियमावली (१९९५ पासून, आता २०३४ च्या नियमावलीत नियम ५२) दगड-लाकूड जपते, आत चालणारा व्यवसाय नाही. श्रेणी मिळालेल्या इमारतीतलं हॉटेल उद्या बुटांचं दुकान झालं तरी समितीला काही म्हणता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोने २०१५ मध्ये वेगळी वाट काढली. तीस वर्षांहून जुन्या व्यवसायांची नोंदवही केली, आणि अशा व्यवसायाला दहा वर्षांचा भाडेकरार देणाऱ्या जागामालकाला चौरस फुटामागे साडेचार डॉलरपर्यंत अनुदान ठेवलं. पैसा मालकाला, अट दीर्घ कराराची. बंदी नाही, सक्ती नाही. इथेही प्रोत्साहन चटईक्षेत्राचा (बिल्डरला मिळणाऱ्या जादा बांधकामाचा) एक छोटा टक्का 'जुना व्यवसाय त्याच वापरासाठी परत आणला' या अटीला बांधता येईल.

भाडेपावती:
आणि तो टक्का बिल्डर घेणार, वर्षभर चहाची टपरी चालवणार, मग शोरूम. अट तपासणार कोण?

रोकडा:
शिवाय 'जुना' ठरवणार कोण? नाक्यावरचा खानावळवाला, उडुप्याचं हॉटेल, इराणी, यातलं फोटोत छान दिसतं तेच नोंदवहीत जाणार. परत आल्यावरचा खर्चही कुणी मोजत नाही. सेस इमारतीतला कर आणि नव्या इमारतीतला भांडवली मूल्यावरचा कर यांत जमीन-अस्मानाचा फरक, कारण ५०० फुटांखालची करमाफी फक्त घरांना. वर लिफ्ट, सुरक्षा, पंप यांचा देखभाल खर्च फुटाच्या दराने. मालकी मिळाली तरी हे आहेच. दरम्यानच्या काळात दुसरीकडे भाड्याने चालवायचं म्हटलं, तर दोन लाख भाड्यावर १८ टक्क्यांनी ३६,००० जीएसटी. हॉटेलला ५ टक्क्यांच्या दरात इनपुट क्रेडिट (आधी भरलेल्या कराची वजावट) नाही, म्हणजे ते ३६,००० सरळ गेले. पत्ता बदलला की अन्न परवाना आणि पालिकेचा कलम ३९४ चा परवाना दोन्ही नव्याने. तात्पुरती जागा रहिवाशाला चालते, हॉटेलला नाही. पलीकडच्या गल्लीत गेलं की सकाळचं गिऱ्हाईक तुटतं.

तळमजला:
रोकडा, खर्चाचं मान्य. म्हणूनच घासाघीस करायची ती पर्यायी जागेच्या करारात, आणि तो नोंदणीकृत हवा. बहुतेक हॉटेलवाले फक्त 'अमुक चौरस फूट, तळमजला' एवढ्यावर सही करतात. तळमजला म्हणजे कुठला? मागच्या पोडियमकडे (टॉवरखालच्या पार्किंगच्या चौथऱ्याकडे) तोंड असलेला गाळाही तळमजलाच. मंजूर नकाशाची प्रत जोडून गाळ्यावर लाल रेघ मारून घ्यावी, दर्शनी रुंदी फुटांत लिहावी, वापर 'उपाहारगृह, स्वयंपाकासह' असा लिहावा. शाफ्टचं माप, सनकन स्लॅबची जागा, मंजूर भार किलोवॅटमध्ये, पाइप गॅसची जोडणी. गॅस नसेल तर सिलिंडरची हवेशीर जागा: विनापरवाना मर्यादा १०० किलो, म्हणजे १९ किलोचे पाचच. दिवसाला दोन-तीन लागणाऱ्याला रविवारची सुट्टी जड जाते. ट्रान्झिट भाड्याला (इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या जागेच्या भाड्याला) बँक गॅरंटी मागावी. गोरेगावच्या पत्राचाळीत ६७२ कुटुंबांनी २००८ मध्ये करार केला, पुढे भाडं थांबलं आणि घर वर्षानुवर्षं मिळालं नाही. हॉटेल तर सहा महिन्यांतच बुडतं.

बीमकॉलम:
शाफ्टवर एक तांत्रिक हरकत. सात मजल्यांपर्यंत तुमची आकृती चालेल. चाळीस मजली टॉवरमध्ये सव्वाशे मीटर उभं डक्ट म्हणजे चरबीची चिमणी. आग लागली तर ती प्रत्येक मजल्याजवळून जाणार. कमला मिलच्या डिसेंबर २०१७ च्या आगीनंतर असा आराखडा अग्निशमन दलापुढे ठेवून बघा. पोडियमच्या पातळीवर ईएसपी (विजेच्या भाराने कण पकडणारं यंत्र) आणि त्यामागे कार्बन फिल्टर बसवून हवा सोडणं जास्त शहाणपणाचं.

पोटमाळा:
ईएसपी धूर आणि तेलाचे कण पकडतं, वास नाही. वासासाठी कार्बन, आणि तो काही महिन्यांत भरतो. ईएसपीच्या पट्ट्या दर आठवड्याला कॉस्टिकने धुवाव्या लागतात, नाहीतर ठिणग्या उडून यंत्र बंद पडतं. पहिल्या वर्षी सगळे धुतात. दुसऱ्या वर्षी पोडियमवरच्या बागेत खिम्याचा वास येतो आणि विक्रीच्या फ्लॅटवाले, ज्यांनी कोट्यवधी मोजलेत, पालिकेत तक्रार करतात. शाफ्टला हा त्रास नाही.

भाडेपावती:
शाफ्टचे पैसे कोण देतंय? अडीच फूट चौकोन म्हणजे मजल्याला सव्वासहा चौरस फूट. चाळीस मजल्यांचे २५०. विक्रीच्या क्षेत्रातून कुठला बिल्डर एवढं सोडेल?

तळमजला:
फुकट कुणीच सोडणार नाही. पण अकराशे फुटांच्या हक्कातले शंभर फूट हॉटेलवाल्याने सोडले, तर रस्त्याकडेच्या तळमजल्यावरचे ते शंभर फूट बिल्डर विकू शकतो, आणि तिथला भाव वरच्या मजल्यांपेक्षा खूप वरचा. हा सौदा कागदावर जुळतो. फक्त तो आराखडा पालिकेत जाण्याआधी मांडावा लागतो, आणि तेव्हा हॉटेलवाला वारसांच्या सह्या गोळा करत फिरत असतो.