मदत हवी आहे: गॉसिपच्या धाग्यात नाव नसते, प्रतिसादांत मात्र येते, नियमन कसे करावे?

नमस्कार,

चित्रपट आणि मालिकांच्या क्षेत्रातील गॉसिपला वाहिलेल्या एका ऑनलाइन समूहाच्या मॉडरेशनचे काम मी व माझे काही सहकारी पाहतो. काम बिनपगारी आहे आणि हौसेनेच पत्करलेले आहे; त्यामुळे ‘गॉसिपच बंद करा’ हा सल्ला कृपया देऊ नये, तो आम्हाला घरूनही नियमित मिळतो. शिवीगाळ, धमक्या, फोन नंबर, पत्ते, खासगी छायाचित्रे यांबाबत आमचे नियम स्पष्ट आहेत आणि असे प्रतिसाद दिसताक्षणी उडवले जातात. अडचण तिथे नाही.

अडचण आहे ती ‘ओळखा पाहू’ प्रकारच्या धाग्यांची. अशा धाग्यात लेखक कोणाचेही नाव घेत नाही. ‘लागोपाठ दोन चित्रपट पडलेला एक नट सध्या आपल्या व्यवस्थापक बाईंच्या सल्ल्याने घर मोडायला निघाला आहे’ एवढेच लिहून तो बाजूला होतो. नियमांवर बोट ठेवून पाहिले, तर त्या मजकुरात उडवण्याजोगे काही सापडत नाही. पुढचे काम प्रतिसादक करतात. पहिला आद्याक्षरे देतो, दुसरा नावातली मधली अक्षरे फुल्यांनी झाकतो, तिसरा त्या नटाच्या गाजलेल्या भूमिकेचा उल्लेख करतो आणि चौथा सरळ नाव लिहून मोकळा होतो.

खरे सांगायचे, तर त्या नटाची मला फारशी काळजी वाटत नाही. त्याच्याकडे वकील आहेत, प्रसिद्धी सांभाळणारी माणसे आहेत आणि त्याच्यासाठी भांडायला चाहत्यांची फौज उभी आहे. पण त्या व्यवस्थापक बाईंचे काय? कोणीतरी त्यांचे कुठल्याशा जुन्या कार्यक्रमातील समूहछायाचित्र शोधून काढतो, त्यांच्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढून ते प्रतिसादात चिकटवतो आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या खात्यावर अनोळखी लोकांच्या शिव्यांचा पाऊस पडू लागतो. अंदाज चुकला असेल, तर हा उघड अन्याय आहेच. पण तो बरोबर असला तरी त्यांनी असे काय केले होते, की त्याचा जाब त्यांनी शेकडो अनोळखी लोकांना द्यावा?

असा प्रतिसाद उडवला, की काही मिनिटांतच खाली नवा उगवतो: ‘प्रतिसाद उडाला, म्हणजे बातमी शंभर टक्के खरी!’ ठेवला तर आम्ही अफवा पसरवली आणि उडवला तर आम्हीच दुजोरा दिला, असा हा पेच आहे. धागा वाचनमात्र केला, तर त्याच विषयावर दुसरा निघतो. आयडी गोठवला, तर तीच व्यक्ती डुआयडी (वेगळ्या नावाचे दुसरे खाते) घेऊन, तीच शुद्धलेखनाची चूक करत परत येते.

आम्हा सहकाऱ्यांतही एकमत नाही. एकांचे म्हणणे असे, की आपण मजकुराला हातच लावू नये, कारण एकदा निवड करायला लागलो, की राहिलेल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी आपल्यावर येते. दुसऱ्यांना प्रत्येक प्रतिसाद आधी तपासूनच प्रसिद्ध करायचा आहे. पण एखाद्या पुरस्कार सोहळ्याच्या रात्री प्रतिसाद ज्या वेगाने येतात, तो पाहता हे कोण आणि कधी करणार, याचे उत्तर त्यांच्यापाशी नाही.

म्हणून विचारते. ‘ओळखा पाहू’ धागे चालू ठेवायचे असतील, तर रेषा नेमकी कुठे आखावी? प्रतिसाद उडवताना कारण जाहीर करावे, की मुकाट्याने उडवावा? आणि ‘हे माझ्याबद्दल आहे, काढा’ असा निरोप आला, तर समोरच्याकडे ओळखीचा पुरावा मागावा का?

प्रतिसाद १

‘हात लावला की जबाबदारी’ हे तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे अगदीच हवेतले नाही. १९९५ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने प्रॉडिजी या सेवेला ती चर्चाफलकांवरील मजकूर गाळते म्हणूनच प्रकाशकासारखे जबाबदार धरले होते. पण त्यातून निर्माण झालेली विचित्र परिस्थिती दूर करण्यासाठीच १९९६ साली अमेरिकेच्या दळणवळण कायद्यात कलम २३० आले आणि सद्‌हेतूने मजकूर काढणाऱ्यांना संरक्षण मिळाले. युरोपात वारे उलट दिशेनेही वाहिले आहे. एस्टोनियातील डेल्फी या बातम्यांच्या संकेतस्थळाने आक्षेपार्ह प्रतिसाद तक्रार आली त्याच दिवशी काढले होते, मात्र तोवर ते सुमारे सहा आठवडे तसेच पडून होते. त्याबद्दल द्यावी लागलेली ३२० युरोंची नुकसानभरपाई युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१५ साली योग्य ठरवली. रक्कम किरकोळ होती, पण ‘आम्ही पाहिलेच नाही’ हा बचाव तिथे चालला नाही, हे महत्त्वाचे. तेव्हा डोळे मिटून बसणे सुरक्षित आहे, हा समज आधी सोडावा. तुम्हाला लागू होणारा कायदा मात्र वकिलालाच विचारावा.

रेषेबद्दल माझे मत असे, की ती प्रसिद्धीवर आखावी, खरेखोटेपणावर नव्हे. बातमी खरी की खोटी, हे तुम्ही ठरवू शकत नाही आणि ठरवायला गेलात, तर त्यातच बुडाल. जी व्यक्ती स्वतःहून लोकांसमोर वावरते, तिच्या जाहीर कामाविषयी अंदाज चालू द्यावेत. तिची मुले, माजी जोडीदार, सहायक, रंगभूषाकार यांची नावे, आद्याक्षरे, छायाचित्रे आणि सूचक इशारे सरसकट बंद करावेत. आजार, गर्भारपण आणि लैंगिक अत्याचाराची पीडित व्यक्ती कोण, याविषयीचे अंदाज मात्र कोणाबद्दलही नकोत, अगदी सर्वात मोठ्या ताऱ्याबद्दलही.

पुरावा मागण्याविषयी: आधी प्रतिसाद झाकावा, मग चौकशी करावी. आधीच घाबरलेल्या माणसाकडून ओळखपत्राची प्रत मागणे म्हणजे त्याची आणखी खासगी माहिती तुमच्या पेटीत साठवणे होय. खोट्या तक्रारीमुळे एखादा प्रतिसाद दोन दिवस झाकला गेला, तर कोणाचे काय बिघडते?

प्रतिसाद २

वरील बहुतेक मुद्दे मान्य आहेत, पण कारण जाहीर करण्याची पद्धत काळजीपूर्वक ठरवावी लागेल. ‘बदनामीकारक असल्याने काढला’ असे लिहिले, की वाचक बदनामी कोणाची, ते शोधू लागतात. बार्ब्रा स्ट्रायसँड यांनी २००३ साली आपल्या घराच्या हवाई छायाचित्रावरून दावा लावला, तोवर ते छायाचित्र केवळ ६ वेळा उतरवून घेतले गेले होते आणि त्यातील २ वेळा त्यांच्याच वकिलांनी. दाव्याची बातमी झाल्यावर महिन्याभरात त्या संकेतस्थळाला ४ लाखांहून अधिक भेटी मिळाल्या. म्हणून कारण एकच आणि ठरावीक असावे: ‘नियम ४ नुसार काढला’. चुकीच्या अंदाजालाही तेच, बरोबर अंदाजालाही तेच आणि निव्वळ अवांतरालाही तेच. सगळ्या उडवण्यांना एकच चेहरा असला, की ‘उडाला म्हणजे खरे’ या तर्काचा आधारच जातो.

शिवाय ज्या सहकाऱ्याने धाग्यात स्वतः मत दिले आहे, त्याने त्या धाग्यावर कात्री चालवू नये. स्लॅशडॉट या तंत्रज्ञानविषयक चर्चास्थळावर प्रतिसादांना गुण देण्याचे काम सदस्यांनाच मिळत असे, पण ज्या चर्चेत भाग घेतला तिथे ते करता येत नसे. त्या नियमामुळे पक्षपाताची निम्मी भांडणे सुरूच होत नाहीत.

प्रतिसाद ३

अंदाज बरोबर असला तरी, हा तुमचा मुद्दा पटला. पण चुकीच्या अंदाजाला कमी लेखू नका. २०१३ साली बॉस्टन मॅरेथॉनमधील बॉम्बस्फोटानंतर रेडिटवरील हौशी शोधकांनी एका बेपत्ता विद्यार्थ्याला संशयित ठरवले. त्याचा घटनेशी काहीही संबंध नव्हता, पण त्याच्या कुटुंबाला जो ताप व्हायचा तो झाला आणि रेडिटला जाहीर माफी मागावी लागली. तिथे कोणाचा हेतूही वाईट नव्हता.

धागालेखिका

सर्वांचे आभार. प्रसिद्धीवर आखलेली रेषा आणि एकच ठरावीक कारण या दोन्ही गोष्टी उद्याच सहकाऱ्यांपुढे मांडते. ज्याचे मत, त्याची कात्री नको, या नियमाला मात्र घरातूनच विरोध होणार, कारण आमच्यातील सर्वात हौशी प्रतिसादक मॉडरेटरच आहेत.

एक प्रश्न उरतो. जुन्या धाग्यांत अशी नावे विखुरलेली आहेत आणि शोधयंत्रात त्या बाईंचे नाव टाकले, की आमचाच धागा वर येतो. सगळे जुने प्रतिसाद वाचणे शक्य नाही. रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये तो विभाग बंद केला, तर पुरेसे होईल का?

प्रतिसाद २

नाही. त्या फाइलमुळे शोधयंत्र पान वाचत नाही, पण इतरत्र दुवा असला तर पानाचा पत्ता निकालांत दिसू शकतो. जुन्या पानांवर ‘नोइंडेक्स’ची खूण (हे पान निकालांत दाखवू नका, अशी शोधयंत्राला सूचना) लावा आणि ती वाचता यावी म्हणून फाइलमधील अडथळा काढून ठेवा, दोन्ही एकदम केले, तर खूण कोणी पाहणारच नाही. ज्या धाग्यांबद्दल तक्रार आली आहे, त्यांतील नावे आधी हाताने काढा आणि मग शोधयंत्राकडे जुनी नोंद ताजी करण्याची विनंती करा. बाकीचे धागे नावांच्या यादीने शोधता येतील, फक्त ती यादी मॉडरेटरांच्या खुल्या गटात ठेवू नका.