ज्युनिअरांचं स्वागत: सोलापूरकरांनो, तुमचा अनुभव सांगा

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात शिकवते आणि सहा वर्षं सांस्कृतिक विभाग सांभाळते. गेल्या वर्षी वेलकमसाठी हॉलमध्ये 200 खुर्च्या मांडल्या होत्या. अडीचला कार्यक्रम सुरू झाला आणि चारपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. एफवायची जी मुलं उरली, ती मागच्या भिंतीला टेकून मोबाईल बघत होती. डीजेसमोर नाचणारे सगळे टीवायचे. दुसऱ्या दिवशी एका एफवायच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मला ते सिनिअरांचंच गॅदरिंग वाटलं." तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

यंदाची आखणी करण्याआधी आजी-माजी विद्यार्थी आणि पालकांचं ऐकायचं आहे. काय खटकलं, काय जमलं, दोन्ही लिहा. कॉलेजचं नाव नको.

अक्कलकोट तालुक्यातून रोज येणारी, एसवाय बीएससी

मॅडम, खुर्च्या रिकाम्या होतात त्या एसटीमुळे. माझ्या गावाकडची गाडी पावणेपाचला सुटते. ती चुकली की पुढची साडेसातला, आणि रात्री फाट्यावर उतरून चालत जायला घरचे परवानगी देत नाहीत. विद्यार्थी पासात दोन-तृतीयांश सवलत मिळते म्हणून माझं रोजचं येणं परवडतं. वेगळी गाडी करून जाण्याचा प्रश्नच नाही.

माझ्या वेलकमला मला 'बेस्ट इंट्रो'चं बक्षीस मिळालं. हे मला रात्री ग्रुपवर कळलं, कारण नाव पुकारलं तेव्हा मी स्टँडवर उभी होते. बक्षीस दुसऱ्या कुणीतरी घेतलं आणि फोटोही त्याचाच आला. कार्यक्रम सकाळी 11 ते 2 ठेवा. एवढं केलंत तरी निम्मी मुलं थांबतील.

एका एफवायच्या मुलीचे वडील

मी 1994 साली होस्टेलला आलो. आमचं स्वागत म्हणजे रात्री 11 नंतरची इंट्रो. नजर खाली, सिनिअरच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघून नाव-गाव सांगायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. त्या रात्रींतूनच घट्ट मैत्री झाली, असं माझे काही मित्र आजही सांगतात. माझ्या खोलीतला मुलगा मात्र पंधराव्या दिवशी वळकटी बांधून गावी गेला तो परत आला नाही. हुशार होता. पुढं शिकला की नाही, मला माहीत नाही.

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 मध्ये आला, विद्यापीठ अनुदान आयोगाचे म्हणजे यूजीसीचे नियम 2009 मध्ये. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी तिनं आणि मी प्रतिज्ञापत्र भरून दिलं, तेव्हा तो मुलगा आठवला. वेलकम बेत म्हणून फसलं तरी चालेल. कुणाला वळकटी बांधावीशी वाटू नये, एवढं बघा.

एमए करतोय, दोन वर्षांपूर्वी वेलकमच्या टीममध्ये होतो

आमच्या आधीच्या बॅचपर्यंत 300 रुपये वर्गणी असायची. ती डीजे, केक आणि सॅशवर जायची. आम्ही वर्गणीच काढली नाही. आठ-आठ ज्युनिअरांचे गट केले, प्रत्येक गटाला एक सिनिअर दिला आणि सकाळी आठला भुईकोट किल्ल्यापाशी बोलावलं. तिथनं तलावाच्या कडेनं सिद्धेश्वर मंदिर, मग चार हुतात्मा पुतळ्यांपाशी. पुतळे सगळ्यांनी येता-जाता बघितलेले असतात, पण चारही नावं माझ्या गटात एकालाच येत होती. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी. कुणी भाषण केलं नाही, फक्त नावं वाचली.

चालण्याचा एक फायदा मला तेव्हा कळला. शेजारी-शेजारी चालताना एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, म्हणून बुजरी पोरंपण बोलतात. इंट्रोला आम्ही एकच प्रश्न ठेवला होता, "कुठनं येलालाव?" म्हणजे कुठून येताय?

माझ्या गटात दक्षिण सोलापूरचा एक मुलगा होता. घरी कन्नड. आपल्या मराठीला हसतील म्हणून तो अख्खा रस्ता गप्प होता. नंतर कॉलेजवर येऊन डबे उघडले. पुण्याकडनं आलेली एक मुलगी कडक भाकरीचा घास मोडायला गेली आणि भाकरीचे तुकडे सगळीकडं उडाले. तेव्हा हा पहिल्यांदा बोलला, "तसं नाही. चुरायची." तिच्या डब्याचं झाकण घेतलं, त्यात भाकरी हातानं बारीक चुरली, वर दही ओतलं, शेंगाचटणी भुरभुरवली, थोडं तेल सोडलं आणि झाकण तिच्यापुढं सरकवलं. मग सगळ्यांनीच आपापली झाकणं पुढं केली. शहराच्या पूर्व भागातल्या एका मुलीनं घरून सकिनालू, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या तेलुगू चकल्या, आणले होते. तिनं त्याला तेलुगूत काहीतरी विचारलं, यानं कन्नडमध्ये उत्तर दिलं. दोघांना कितपत कळलं कोण जाणे, पण आजही कँटीनला ती दोघं एकत्रच दिसतात.

2020 ची बॅच

आमचं वेलकम मोबाईलच्या स्क्रीनवर झालं. कॅमेरे बंद, नावांची पहिली अक्षरं दिसायची. वर्गमित्रांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा अर्ध्यांना आवाजावरून ओळखलं. आता सातवी-आठवी ऑनलाइन केलेली पोरं कॉलेजला येतात. ती घोळक्यात मिसळत नाहीत म्हणून त्यांना शिष्ट म्हणू नका. त्यांना सराव मिळालेला नाही.

टीवाय बीकॉम, मुलगी

मला स्टेजवर बोलावून नाचायला लावलं होतं. मी दोनदा नको म्हणाले, तरी खालून सगळे टाळ्या वाजवत राहिले. कशीबशी चार पावलं टाकली. रात्रीपर्यंत त्याची रील झाली होती, गाणं बदलून. ती आमच्या गावातल्या लोकांपर्यंत पोचली. पुढचा आठवडा मी कॉलेजला गेले नाही आणि वडिलांना कारण सांगू शकले नाही. व्हिडिओ टाकणाऱ्या ताईला त्यात काही वाईट केलं असं वाटतही नव्हतं.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही एक गोष्ट केली. एका मैत्रिणीच्या घरी टॉवेलचे पॉवरलूम आहेत. तिनं निळ्या काठाच्या कातरणी आणल्या आणि आम्ही त्या दारातच एका ताटात ठेवल्या. ज्याला फोटो-व्हिडिओ नको असेल त्यानं पट्टी मनगटाला बांधायची, कारण सांगायचं नाही. मला वाटलं होतं आठ-दहा जण बांधतील. ताट दोनदा भरावं लागलं. त्यात मुलंही भरपूर होती.

स्टेजवर जबरदस्तीनं कुणाला बोलवायचं नाही, हे आता लिहून ठेवलंय. ज्युनिअरांचे ग्रुप काढणाऱ्या सिनिअरांनीही लक्षात घ्यावं, की ज्युनिअरांना त्रास देणारे असले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप रॅगिंगमध्येच धरायला यूजीसीनं 2025 मध्ये सांगितलं आहे.

माजी विद्यार्थिनी, आता शिक्षिका

मला वेगळं सांगायचं आहे. स्टेज काढून टाकू नका. बार्शीकडच्या शाळेत मला कुणी कधी गायला उभं केलं नव्हतं. वेलकमला चिठ्ठीवर नाव दिलं, पाय थरथरत होते, पण गायले. त्या दिवसानंतर मी वर्गात हात वर करायला लागले. सगळ्यांनाच गर्दीची भीती वाटते असं धरून चाललात, तर माझ्यासारखीला जागा उरणार नाही.

मॅडमची भर

हे वाचून मी थांबले. स्टेज ठेवू, पण नाव ज्यानं त्यानं स्वतः द्यायचं. वेळ 11 ते 2 पक्की. निळ्या पट्टीसाठी प्राचार्यांशी बोलते.

टीवाय बीसीए, होस्टेल

2024 पासून आमच्या कोर्सलाही सीईटी आली. माझा नंबर शेवटच्या फेरीत लागला. मी पोचलो तेव्हा वेलकम होऊन गेलं होतं, बाक ठरलेले होते, ग्रुप ठरलेले होते. मेसला एकटा जेवायचो आणि जेवताना फोन कानाला लावून ठेवायचो, पलीकडं कुणी नसायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शेजारच्या खोलीतल्यानं चादर वाळत घालायला मदत मागितली, तिथनं सुरुवात झाली.

मॅडम, वेलकम एकदाच करू नका. शेवटच्या फेरीनंतर परत एकदा करा, लहान का असेना. आम्ही यंदा करणार आहोत. उशिरा आलेल्यांची यादी मी ऑफिसातून घेतली आहे. काल संध्याकाळपर्यंत 14 नावं झाली, त्यातले दोघं माझ्याच तालुक्यातले निघाले. त्यांना आज रात्री जेवायला सोबत घेऊन जातोय.